येळवशीला शेत नसलेल्यांनी जायचं कुठं? ऑनलाइन पंगत जुळवता येईल का?

काळी_माती (लातूर)
मंडळी, येळवस तीन आठवड्यांवर आली म्हणून धागा काढायलोय. बाहेरच्यांसाठी थोडक्यात, मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे वेळ अमावस्या, आपली येळवस. लातूर-धाराशिवकडं आणि सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गी भागात त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही, सगळं गाव रानात, कडब्याची कोप (म्हणजे खोपटं), पूजा, पिकावर आंबील शिंपडायची आणि मग भज्जी, उंडे, खीर. कलेक्टर जिल्ह्याला सुट्टी देतात. तारीख इंग्रजी कॅलेंडरला काही जुमानत नाही, २०२४ मध्ये तर दोनदा आली, ११ जानेवारीला आणि परत ३० डिसेंबरला. दुपारी बाराला लातूरच्या मेन रोडवर कर्फ्यू लागल्यासारखं वाटतं.

तर विषय असा की शहरात आता लई लोक असे झालेत ज्यांना रानच नाही. आजोबांनी विकलेलं, नाहीतर बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक, क्लासला आलेली पोरं. त्यांना त्या दिवशी साधा वडापाव पण मिळत नाही कारण गाडेवाला पण रानात गेलेला असतो. आणि उलट्या बाजूला ज्यांचं रान आहे त्यांची पोरं पुण्याला, सुट्टी मिळाली नाही म्हणतात, स्वयंपाक मात्र सवयीनं पहिल्यासारखाच होतो आणि संध्याकाळी भज्जीचं पातेलं अर्धं तसंच बैलगाडीत (म्हणजे आता छोटा हत्तीत) घरी परत. ह्या दोघांची गाठ घालून द्यायला व्हॉट्सॲप म्हणा फेसबुक म्हणा काहीतरी करता येईल असं डोक्यात आलंय. बाहेरच्या देशात असल्या वेबसाइटी आहेत म्हणायलेत. कुणी वापरल्यात का? नुसतं "छान कल्पना" लिहू नका, अडचणी सांगा.

पाथरीकर
आमच्या परभणीकडं येळवशीचं एवढं नसतंय पण हुरड्याचं काय झालं ते बघा म्हणजे अडचण कळल. आधी फोन यायचा, हुरडा आलाय, रविवारी या. आता फेसबुकवर पोस्टर, माणशी एवढे रुपये, लहान मुलांना अर्धे, झोका, बैलगाडीची चक्कर, सेल्फी पॉइंट. आगटीपाशी बसून कणीस भाजून हातावर चोळून देणारा माणूस रोजंदारीचा. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात त्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही, मिळावेत. पण आता आमच्या मामालाच संकोच वाटायलाय की फुकट बोलावलं तर लोक काय समजतील. येळवशीचं तसं होऊ देऊ नका एवढंच.

चिंचवडचा_लातूरकर
असल्या साइटींचं थोडं सांगतो कारण एका काळात मी ह्यात लई वाचन केलंय (ऑफिसात काम कमी होतं).

२०१२ ला तेल अवीवमधून ईटविथ निघालं. घरच्यांनी आपल्या टेबलावर अनोळखी माणसं जेवायला बसवायची आणि त्यांनी साइटवरून पैसे भरायचे. २०१४ ला पॅरिसमध्ये व्हिझईट, तेच काम. २०१७ ला व्हिझईटनं ईटविथला विकत घेतलं आणि नंतर स्वतःच ते नाव लावून घेतलं. शिकागोच्या जय सावसानीनं मील शेअरिंग काढलं, त्याची गोष्ट मला आवडती, तो कंबोडियात फिरायला गेलेला आणि राहायच्या ठिकाणी विचारलं की इथल्या कुणाच्या घरचं जेवायला मिळल का, त्यांनी एका घरी जमवून दिलं, त्यातून डोक्यात आलं. आणि आत्ताचं म्हणजे टाइमलेफ्ट, हे पण फ्रेंच माणसानंच काढलेलं, तुम्ही प्रश्नांची उत्तरं भरायची, ॲप तुमच्यासारखे बाकीचे निवडतं आणि बुधवारी रात्री एका हॉटेलात टेबलावर बसवतं. ॲपचे पैसे वेगळे, जेवणाचं बिल वेगळं.

आता माझं मत. ह्या सगळ्यात जो धंदा म्हणून टिकला त्याच्याकडं बघितलं तर यजमान हळूहळू शेफ होतो आणि पाहुणा टुरिस्ट. कारण साइटला कमिशन पाहिजे, कमिशनला किंमत पाहिजे, किंमत आली की पाहुणा स्टार द्यायला बसतो. आपल्या आत्याच्या भज्जीला कुणीतरी साडेतीन स्टार दिले आणि खाली लिहिलं "चिंच जास्त" तर आत्या पुढच्या वर्षी त्याला कोपीच्या आसपास फिरकू देणार नाही. फुकटवाल्यांचं पण बघा, काउचसर्फिंग (प्रवाशांना अनोळखी माणसांच्या घरी फुकट मुक्काम जुळवून देणारी साइट) वर्षानुवर्षं फुकट होतं, मे २०२० मध्ये बऱ्याच देशांत फी लावली आणि लोकांना आपल्याच ओळखीपाळखी बघायला पैसे भरायची वेळ आली. म्हणून दुसऱ्याच्या साइटवर बसू नका. गाठ घालून द्या आणि बाजूला व्हा.

टाइमपास_तात्या
ॲप काढा राव. लोकेशन ऑन केलं की जवळचं पातेलं दिसायला पाहिजे. आंबील संपली की नोटिफिकेशन 😂

औशाची_लेक
काळी_माती भाऊ, तुमचा हेतू चांगलाय पण पूर्ण धाग्यात एकानं पण विचारलं नाही की स्वयंपाक कोण करतंय. म्हणून मी सांगते, आमच्याकडं दरवर्षी होतंय.

भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे हे पुण्यामुंबईवाल्यांसाठी. तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, वाटाणा, पावटा, ओल्या भुईमुगाचे दाणे, मेथी, पातीचा कांदा, गाजर, जे रानात असल ते सगळं, चिंचेच्या कोळात आणि बेसनात शिजवायचं. ह्यातलं एकही सोललेलं मिळत नाही. आदल्या दिवशी दुपारपासून मी, जाऊ, सासूबाई आणि शेजारच्या काकू शेंगा सोलत बसतो, रात्री दहाला अंगठ्याचं नख तुरीनं काळं झालेलं असतं आणि ते नंतर आठवडाभर निघत नाही. त्यात बाजरीचे उंडे वाफवायचे, तिळाच्या पोळ्या, शेंगाच्या पोळ्या, पहाटे तीनला उठून चूल. मग डोक्यावर आंबीलीचं मडकं घेऊन रानात. तिथं गेल्यावर पुरुषमंडळी म्हणणार वाढा.

आणि आता तुम्ही म्हणता की ग्रुपवरून अजून अनोळखी दहा-बारा पाठवतो. पाठवा की, मला माणसं नको नाहीत, उलट पोरं नसली की सासूबाईचा चेहरा उतरतोय ते मी बघते. पण शेंगा सोलायला कोण येणार ते आधी सांगा. आदल्या दिवशी येऊन सोलायला बसणारा पाहुणा असल तर त्याला मी दुसऱ्या दिवशी तूप जास्त वाढीन. नुसता बारा वाजता गॉगल लावून येणारा आणि कोपीसमोर रील काढणारा नको. आधीच आमच्या हरभऱ्यात रील काढून काढून वाट पडलीय.

पाथरीकर
ताई 🙏 धाग्यातली सगळ्यात खरी पोस्ट.

निवृत्त_मास्तर (उदगीर)
माझं वय झालं, मला ह्या ऑनलाइनचं फारसं कळत नाही पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत. येळवशीला बोलावणं लागत नाही, रस्त्यानं जाणाऱ्याला सुद्धा हाका मारून बसवतात आणि एका माणसाला चार बांधांवर चार वेळा जेवावं लागतं हे सगळे अभिमानानं सांगतात, मी पण सांगतो. पण हाक कुणाला जाते हे बघावं. ज्या बांधावरून आपण जातो तो आपल्या भावकीचा, ओळखीचा असतो. ज्याचं रान नाही तो त्या वाटेनं जातच नाही. गावात वस्तीच्या एका टोकाला राहणारी माणसं त्या दिवशी काय करतात ह्याची चौकशी मी नोकरीत असताना वर्गात केली होती, पोरं खाली बघत होती. तेव्हा काळी_माती, तुम्ही म्हणता ती गाठ घालायची गरज आहे हे मला मान्य.

दुसरी गोष्ट, तुमच्या ग्रुपात जे येतील त्यांच्याकडं फोन आहे, नेट आहे, पोट भरलेलं आहे. त्याच सुमारास आपल्या भागात उसाच्या फडात बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या असतात. पाचटाच्या कोप्या करून राहतात, लेकरं तिथंच. त्यांना कुठला फॉर्म पोचणार. आमच्या शेजाऱ्याच्या रानात मागं टोळी होती, त्याच्या बायकोनं पातेलंच उचलून फडात नेलं. त्याला वेबसाइट लागली नाही.

डबापार्टी_सिडको
मास्तर म्हणतात ते पटतंय तरी पण ग्रुप चालवायचाच असेल तर व्यवहाराचं सांगतो. आम्ही संभाजीनगरला महिन्यातनं एका रविवारी डबापार्टी करतो, कुणाच्या तरी गच्चीवर, ज्यानं त्यानं एक पदार्थ आणायचा. सगळं व्हॉट्सॲपवरच.

सगळ्यात मोठा रोग म्हणजे येतो म्हणून न येणं. व्हॉट्सॲपला २०२२ ला पोल आला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो, पोल टाकला की भराभर टिका पडतात, गच्चीवर बघावं तर अर्धेच. पोलवर बोट टेकवायला काय जातं. मग आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाला फोन करायला लागलो, तोंडानं "येतो" म्हणलेला माणूस येतोच, नाहीतर लाजून दुपारी कळवतो तरी. आता पोल नुसता अंदाजाला, यादी फोनची.

दुसरा रोग, सगळे ढोकळा आणतात. भाकरी कुणी आणत नाही कारण भाकरीला कष्ट आहेत. म्हणून शीट केली, त्यात ओळी आधीच लिहिलेल्या, भाकरी अमुक, पातळ भाजी, ठेचा, येसर आमटी, ताक, आणि भांडी घासणे ही पण एक ओळ. नाव टाकलं की ओळ संपली. जो शेवटी येतो त्याच्या वाट्याला भांडी उरतात म्हणून लोक आता लवकर नाव टाकायलेत.

तिसरं, मोठा ग्रुप करू नका. व्हॉट्सॲपमध्ये १०२४ माणसं मावतात, कोपीसमोर नाही मावत. कम्युनिटी करा, वर एक घोषणेचा ग्रुप ज्यात फक्त ॲडमिन बोलणार आणि खाली प्रत्येक रानाचा वेगळा छोटा ग्रुप, यजमानाच्याच हातात. किती माणसं, कोण, कधी, ते यजमान ठरवणार. नाहीतर मोठ्या ग्रुपात गुड मॉर्निंगचे गुलाब येतात आणि पत्ता कुठं टाकलाय तो वर जातो.

हिशोबी_माणूस
कायद्याचं कुणी बोललं नाही. जेवणाचे पैसे घेतले की तुम्ही अन्न व्यवसायिक, २००६ चा अन्न सुरक्षा कायदा लागू. घरून करणाऱ्याला पण छोट्या व्यावसायिकाची नोंदणी लागते, फी फार नाही. आणि गंमत म्हणजे २०११ च्या नियमावलीत धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा पण त्या छोट्या व्यावसायिकाच्या व्याख्येत घातलाय. म्हणजे अक्षरशः धरलं तर सप्त्याचा महाप्रसाद पण त्यात. घरच्या पाहुण्यांचा प्रश्न येत नाही. म्हणून माझं म्हणणं, पैसे, "ऐच्छिक देणगी", क्यूआर कोड, यातलं काहीच ठेवू नका. कोपीला क्यूआर चिकटवला की संपलं.

काळी_माती
@हिशोबी_माणूस पैसे नाहीतच. पण मोकळ्या हातानं पण कुणी येऊ नये असं वाटतं. ताई काय म्हणतात?

औशाची_लेक
मोकळ्या हातानं येऊ नये म्हणजे मिठाईचा बॉक्स पण आणू नये. बॉक्स कुणी खात नाही, रानात मुंग्या लागतात. शेंगा सोला, पाण्याचे जार उचला, उष्टी काढा. आणि जाताना पत्रावळ्या वाऱ्यावर सोडू नका, बैलाच्या पोटात प्लास्टिक जातंय.

गोदाकाठ (नांदेड)
वाचतोय सकाळपासून, लिहू का नको करत होतो. फॉर्म करणार असाल तर आडनावाचा रकाना ठेवू नका ही विनंती. मी मुसलमान आहे, भाड्यानं घर बघताना आडनाव सांगितल्यावर समोरचा "दोन दिवसांनी फोन करा" कसं म्हणतो ते मला पाठ झालंय, जेवणाच्या यादीत तेच नको. इथं सचखंड हुजूर साहिबला लंगरमध्ये कुणी नाव विचारत नाही, डोकं झाकायचं, पंगतीला बसायचं, दोन्ही हात पुढं करून रोटी घ्यायची. माझ्या शाळेतल्या निम्म्या मित्रांची पहिली एकत्र जेवणं तिथली आहेत. अर्थात लंगर संस्थेचं, तिथं कुणाच्या घरची चूल नसती, यजमानाला भीती नसती. रानातलं जेवण हे कुणाच्या तरी घरचं असतंय, तिथं कुणाला बोलवायचं हा त्या घराचा हक्क, हे मला कळतंय. तरीही वाटलं म्हणून लिहिलं.

हिशोबी_माणूस
पण यजमानाला कोण येतंय ते कळायला नको का? सुरक्षितता पण आहे, बायामाणसं असतात.

गोदाकाठ (नांदेड)
कळायला पाहिजेच. फोन करा, बोला, कुठं काम करता विचारा, व्हिडिओ कॉल करा. माणूस बोलल्यावर कळतो. आडनाव वाचून जे कळतं ते वेगळंच असतं.

औशाची_लेक
गोदाकाठ दादा, तुम्ही आमच्याकडं या. लेकरंबाळं घेऊन या. मी आत्ताच सासूबाईला विचारलं, त्या म्हणाल्या वांगी खातो का विचार, भरीत करायचंय. जेवण सगळं शाकाहारी असतंय एवढं आधी सांगून ठेवते. आणि पूजेच्या जागी चप्पल घालून आलात तर सासूबाई ओरडतील, पण त्या सगळ्यांनाच ओरडतात, मागं एका साहेबाला ओरडल्या होत्या, तो तिथंच अनवाणी झाला आणि त्याला बाभळीचा काटा रुतला. काटा काढून मग पंगतीला बसवला.

चिंचवडचा_लातूरकर
आडनाव नको ह्याला माझा पाठिंबा. फॉर्ममध्ये एवढंच पुरे, नाव, फोन, माणसं किती, लहान किती, आदल्या दिवशी येऊ शकता का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ज्यांनी "हो" लिहिलं त्यांना आधी जागा द्या.

आणि येणाऱ्यांची यादी कुठंही जाहीर टाकू नका, नंबर यजमानाला सोडून कुणाला दिसायला नकोत. कम्युनिटीच्या घोषणेच्या ग्रुपात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत ते बरंय.

नीट_रिपीटर
मी लातूरला क्लासला आहे, मूळ हिंगोली जिल्हा. आमच्याकडं येळवस नसते त्यामुळं पहिल्या वर्षी काही माहीत नव्हतं. सकाळी मेसला गेलो तर कुलूप आणि पाटीवर खडूनं "काकू शेतात" एवढंच. आम्ही रूमवर बिस्किटं आणि मॅगी खाल्ली, मॅगीला पण गॅस संपत आलेला. संध्याकाळी मेसवाल्या काकू स्टीलच्या डब्यात भज्जी घेऊन आल्या पण तोपर्यंत गार झालेली. तरी चांगली लागली. ह्या वेळी आदल्या दिवशी रविवार नाही, टेस्ट आहे, पण टेस्ट एकला संपते. शेंगा सोलायला आम्ही येऊ शकतो, आईसोबत सोललेल्यात. फक्त एक आहे, फॉर्ममध्ये माणसं किती लिहायची, आम्ही रूमवर चौघं आहोत आणि शेजारच्या रूमवरचे पण मागं लागलेत.

टाइमपास_तात्या
बघा, ह्याला म्हणतात मार्केट 😄 बरं चेष्टा सोडा, माझ्याकडं पिकअप आहे. लातूरहून औशाकडं पोरांना न्यायचं-आणायचं माझ्याकडं. डिझेल विचारू नका.

निवृत्त_मास्तर (उदगीर)
तात्या, पोरांना मागच्या हौद्यात उभं करून नेऊ नका. सहा आसनी रिक्षा बघा, भाडं मी देतो.

काळी_माती
चला, मग असं करायलो. ॲप नाही, पेज नाही, पैसे नाहीत. घोषणेचा एक ग्रुप, उद्या लिंक खाली टाकतो. ज्यांचं रान आहे त्यांनी मला सांगायचं किती ताटं जास्तीची, मी तेवढीच नावं देणार, एक पण जास्त नाही. फोन यजमानानंच करायचा आणि नको वाटलं तर कारण न देता नाही म्हणायचं, त्याबद्दल ग्रुपवर चर्चा नाही. तारे, रिव्ह्यू काही नाही. पूजा चालू असताना मोबाईल खिशात. उसाच्या टोळीचं मास्तर म्हणतात ते ऑनलाइन होणार नाही, ज्याच्या शिवारात फड चालू आहे त्यानं दोन पातेली जास्त करायची का ते घरात विचारून ग्रुपवर सांगावं, बेसन-तेल आम्ही रान नसलेले भरतो. माझ्याकडं आत्तापर्यंत औसा, निलंगा आणि मुरूडकडच्या रानांची तयारी कळलीय. उदगीर-अहमदपूरकडून कुणी?

निवृत्त_मास्तर (उदगीर)
माझं रान आहे. आम्ही दोघंच म्हातारे, भज्जी मुलीकडून येते. सहा जण चालतील. सोलायला आले तर भज्जी इथंच करू.

औशाची_लेक
नीट_रिपीटर बाळा, चौघं या, शेजारच्या रूमवरच्यांना मास्तरांकडं पाठवायचं का बघा, पण उदगीर लांब पडतंय, टेस्ट संपून पोचायला अंधार होईल. नाहीतर सगळेच इकडं या, आठ जण सोलायला असले तर मला पोळ्यांना वेळ मिळतोय. येताना एक ताट-वाटी आपापली आणा, आणि एक स्वेटर, रानात चारनंतर गार होतंय. आईचा नंबर मला मेसेज कर, मी आधी त्यांच्याशी बोलते.

नीट_रिपीटर
हो काकू. नंबर पाठवलाय. आई विचारते की उंडे म्हणजे काय आणि ते कशासोबत खायचे.

पाथरीकर
भज्जीत कुस्करून, हातानं. चमचा मागू नको रे तिथं.